समुद्रफुलाला घातलेले तांब्याचे पाणी

जलाधिपती वरुणदेवाला, आणि सर्व जलचरांच्या ठायी वास करणाऱ्या त्या एका चैतन्याला, प्रथम साष्टांग नमस्कार. आज नारळी पौर्णिमा. सकाळी श्रावणी झाली; जुने यज्ञोपवीत उतरवून नवे धारण केले, पंचगव्य प्राशन केले, वर्षभरातील दोषांच्या क्षालनाचा संकल्प सोडला. क्षालन झाले असे मला वाटत नाही. म्हणून दुपारची वामकुक्षी टाळून लिहावयास बसलो आहे. मी संतापाने लिहीत आहे, हेही आरंभीच सांगून टाकतो. आयुष्यभर मला लोक शांत स्वभावाचा म्हणत आले. त्यांनी यापुढे तसे म्हणू नये.

कसब्यातील एका पाठशाळेत मी अनेक वर्षे व्याकरण शिकवले. पत्नी निवर्तल्यावर मुलाकडे कोथरूडला राहावयास आलो. मुलगा आणि सून दोघेही संगणकाच्या कंपन्यांत. सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर येते, ती यांना घेऊन हिंजवडीला जाते आणि काळोख पडल्यावर परत आणून सोडते. पैसा आला, सहाव्या मजल्यावरचे घर आले, गाडी आली. मूल येणार होते, ते सहाव्या महिन्यात गेले. त्या वेळी घरात त्याविषयी कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही. मला वाटले, मौन ही सहानुभूती आहे.

सून रजेवर होती. ज्या डॉक्टरीणबाईंकडे ती तपासणीला जाई, त्यांच्या प्रतीक्षागृहात माशांची मोठी काचपेटी होती. आपला क्रमांक येऊन गेला तरी ती तिथेच बसून राही. मग एके दिवशी तिने आपल्या दिवाणखान्यात चार फुटांची काचपेटी आणवली, आणि तीही खाऱ्या पाण्याची. सोसायटीत चेष्टा झाली. "मुठेला पाणी नाही आणि यांच्या हॉलमध्ये समुद्र!" असे तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी जिन्यात मला ऐकवले. मी म्हणालो, "आपल्याकडे दोन्ही नाही, हे दुःख मी समजू शकतो."

मला त्या उद्योगाविषयी आदर वाटू लागला तो त्यातील संयमामुळे. पुड्यांतले मीठ पाण्यात मोजून कालवायचे, समुद्रातील सच्छिद्र खडक रचायचे, आणि मग दोन-अडीच महिने काहीही न करता थांबायचे. "पाणी पिकावं लागतं, बाबा, खडकांत जिवाणू रुजावे लागतात," ती म्हणे. ज्यात एकही मासा नाही अशा पेटीपुढे ती रोज संध्याकाळी बसे. हे एक व्रतच आहे असे माझ्या मनाने घेतले.

नंतर मासे आले, काच चाटणाऱ्या गोगलगायी आल्या, आणि सर्वांत शेवटी एका पॉलिथिनच्या पिशवीतून समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा एक समुद्री प्राणी, आले. पिशवीत ते एखाद्या ओल्या, मळकट गोळ्यासारखे दिसत होते. मी सुचवले की याला मधल्या उंच खडकावर बसवावे, म्हणजे पेटीला शोभा येईल. सून हसली. "त्याला जागा आपण द्यायची नसते. ते स्वतः शोधतं."

आणि त्याने शोधली. त्याला खाली एकच मांसल पाऊल असते. त्या पावलावर ते इतके हळू सरकते की पाहत बसले तर हलताना दिसत नाही, स्नान-संध्या आटोपून यावे तर वीतभर पुढे गेलेले असते. अकरा दिवस ते हिंडले. एका रात्रीत काचेवर चढले, दुसऱ्या दिवशी वाळूवर उतरले. पाणी ओढणाऱ्या पंपाच्या तोंडाशी ते जाईल या भीतीने सुनेने तिथे स्पंजची टोपी बसवली. त्या पात्यांत सापडले तर त्याच्या चिंधड्या होतात आणि त्याच्या विषाने सारी पेटी मरते. बाराव्या दिवशी डावीकडच्या खडकाच्या एका भेगेत त्याने पाऊल खोवले, अंधारात. आणि हिरवट-गुलाबी बोटांचा झुबका वर उजेडात पसरला. प्रत्येक बोटाच्या टोकाला मण्यासारखा फुगवटा. तिथून ते हलले नाही.

त्याचे पुष्कळ वर्तन मी पाहिले. दिवा मालवला की ते आकसून लिंबाएवढे होई. ज्या मुखाने ते खाते त्याच मुखाने मल टाकते. हे प्रथम पाहिले तेव्हा मी त्या दिवशीची न्याहारी सोडली. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊन माशांच्या जोडीने पहिला महिनाभर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग मादीने शेपटीचे टोक लावून पाहिले, झटका बसल्यागत दूर पळाली, पुन्हा आली. चार-पाच दिवसांनी पोट टेकवले. शेवटी दोघेही त्या विषारी बोटांत निश्चिंत लोळू लागले, आणि आपल्या तोंडातला घास नेऊन त्याच्या मुखात ठेवू लागले.

त्याला कोळंबी लागे. आमच्या घरात कोळंबी! सुनेने माझ्यापुढे प्रस्ताव ठेवला: सज्जात वेगळा छोटा फ्रिज, वेगळा चिमटा, वेगळी ताटली, स्वयंपाकघराशी संबंध नाही. मी तीन दिवस विचार केला आणि मान्य केले. पहिल्या वेळी मी तोंड फिरवून उभा होतो. पुढे पुढे मीच टॉर्च धरू लागलो. ती चिमट्याने तुकडा पुढे करी, बोटे तो धरत, वळत, सावकाश मुखापर्यंत नेत. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे दिसे ते त्या घरात मी अन्यत्र कुठे पाहिले नव्हते. इतके लिहिले म्हणजे ते फूल तिला काय होते हे वाचकांना सांगावयास नको.

दुसऱ्या वर्षी कंपनीने तिला सहा आठवड्यांसाठी अमेरिकेला पाठवले. जाण्याआधी तिने एक कागद लिहून काचेच्या कडेला चिकटवला. दिवा केव्हा, खाणे किती, गुरुवारी वीज गेली तर बॅटरीचा पंप कसा सुरू करावा. पाण्याची वाफ होते पण मीठ मागे राहते, म्हणून रोज साधे गोडे पाणी खुणेच्या रेषेपर्यंत घालावे. 'फक्त आरओचं', म्हणजे स्वयंपाकघरातल्या शुद्धीकरण यंत्राचे, असे तिने दोनदा अधोरेखित केले होते. हे पाणी ती स्वतः एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कॅनमधून घाली.

आता माझ्या हातून काय घडले ते ऐका. तो कॅन मला कधीच रुचला नव्हता. एका सजीवाला, ज्याचे सारे विश्व ते पाणी आहे, त्याला प्लॅस्टिकमधले पाणी द्यायचे? माझी तांब्याची घागर होती. रात्री तीत यंत्राचे पाणी भरून ठेवायचे आणि सकाळी तेच पूजेला व पिण्याला घ्यायचे, हा माझा नित्यक्रम. तेच पाणी मी पूजेनंतर तांब्याच्या कलशाने पेटीत घालू लागलो. कागदाची आज्ञा मी मोडली नव्हती. पाणी आरओचेच होते, केवळ पात्र बदलले होते. घागर मी एक दिवसाआड चिंच-मीठ लावून घाशी, आरशासारखी. धार धरताना मी मनातल्या मनात वरुणाचे स्मरण करी. सांगावयास लाज वाटते, पण आपण त्या मुलीपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध रीतीने हे करीत आहोत, असे मला वाटे.

दोन आठवड्यांनी गोगलगायी वाळूवर उलट्या पडू लागल्या. वय झाले असेल म्हणून मी त्या काढून टाकल्या. तिसऱ्या आठवड्यात फुलाने आपली जागा सोडली. ज्या भेगेत ते वर्षभर रुजले होते तिथून निघून ते काचेवर आले, मग वाळूवर, मग पुन्हा काचेवर. बोटे चुरगाळल्यासारखी झाली. मुख, जे एरवी घट्ट मिटलेले असे, ते सैल उघडे राहू लागले. मासे मात्र ठणठणीत होते. म्हणजे पाण्यात दोष नाही, असा तर्क मी केला. तर्कशास्त्रात मी कधी कोणाला हार गेलो नव्हतो.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काका, लाइव्ह पीसची गॅरंटी नसते. नवीन लॉट आलाय, पाठवू का एक?"

"तो पीस नव्हे," मी म्हणालो, "तो जीव आहे."

"हो, तेच. लाइव्ह पीस."

मी फोन आपटला. नंतर सोसायटीच्या चिटणिसांशी भांडलो, कारण त्या आठवड्यात जिन्यात झुरळांसाठी फवारणी झाली होती. मुलाला सांगितले तर तो लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला, "बाबा, एवढं काय मनाला लावून घेता? नवीन आणू." या पिढीच्या तोंडी हे दोन शब्द मी फोनविषयी ऐकले, गाडीविषयी ऐकले, घराविषयी ऐकले. ते मूल गेले तेव्हाही, इस्पितळाच्या मार्गिकेत, कोणी तरी जवळजवळ हेच बोलले होते. मला त्या शब्दांची चीड आहे.

आणि तीच चीड मी नको त्या ठिकाणी ओतली. सून परतली त्या दिवशी विमानाचा शीण अंगावर असताना, बॅग दारातच ठेवून ती पेटीपुढे गुडघ्यांवर बसली. फूल कोपऱ्यात आंब्याच्या चोखलेल्या सालीसारखे पडले होते. तिने मागे वळून इतकेच विचारले, "बाबा, कधीपासून?"

मी म्हणालो, "जीव सांभाळायचा तर घरात थांबावं लागतं. तुला ते कधी जमलंच नाही."

'कधी' हा शब्द माझ्या तोंडून घसरला नाही. शब्द निवडणे हा माझा आयुष्यभराचा व्यवसाय होता. तो कुठे लागेल हे मला ठाऊक होते, आणि त्या क्षणी तो तिथेच लागावा अशी माझी इच्छा होती. मुलगा "बाबा!" म्हणून ओरडला. ती ओरडली नाही. "हो," म्हणाली, आणि बादलीत मीठ कालवू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चौथ्या मजल्यावरच्या साहेबांना बोलावून आणले. सरकारी प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली. साहेबांच्या बैठकीत बुद्धमूर्तीपुढे रोज ताजी फुले असतात, आणि आमच्यात वर्तमानपत्राची अदलाबदल व वादविवाद नित्य चालतो. त्यांनी काचनळीत पेटीतले पाणी घेतले, कुपीतले थेंब टाकले. पाणी निळसर झाले. ते स्वयंपाकघरात गेले आणि यंत्राच्या तोटीचे पाणी तपासले. ते स्वच्छ राहिले.

"शास्त्रीबुवा, वरून पाणी कुठलं घालत होतात?"

"आरओचे. कागदावर लिहिले होते तेच."

"तोटीतून थेट?"

"थेट कसे? रात्रभर घागरीत ठेवून."

"कसली घागर?"

मी ती उचलून आणली. त्यांनी ती उजेडात फिरवून पाहिली. "छान घासलीत," म्हणाले. मग तिच्यातले पाणी नळीत घेतले. या वेळी थेंब पडताच ते असे निळे झाले की कोणाला काही समजावण्याची गरज उरली नाही.

"आरओचं पाणी भुकेलं असतं," साहेब म्हणाले. "त्यातलं सगळं काढून घेतलेलं, मग ते ज्या भांड्यात ठेवाल त्यातलं थोडं थोडं खातं. त्यात तुम्ही चिंचेनं घासता. तांबं उतरतं. तुम्हाला-मला एवढ्याशानं काही होत नाही, मासेही तग धरतात. गोगलगायी आणि हे फूल नाही धरत. शेतात तांब्याचं मोरचूद फवारतात ना, तेच. चाळीस दिवस अभिषेक केलात तुम्ही, मोरचुदाचा."

"आयुष्यभर मी हेच पाणी प्यालो आहे!" मी ओरडलो.

"तुम्ही समुद्रफूल नाही."

मी सुनेकडे पाहिले नाही. ती मागे उभी आहे एवढे मला कळत होते.

साहेबांनी आणि तिने मिळून जे शक्य ते केले. कोळशाच्या पिशव्या पाण्यात सोडल्या, तीन दिवसांत तीनदा निम्मे पाणी बदलले. मी मिठाच्या बादल्या ढवळल्या. कोणी मला 'ढवळा' म्हटले नव्हते, 'नको' म्हटले नाही. चौथ्या दिवशी फुलाचे पाऊल सुटले. ते पाण्यात उलटे तरंगू लागले, आणि पाण्याला दुर्गंधी येऊ लागली.

"आत्ता काढायला हवं," ती म्हणाली. "सडलं तर मासे जातील."

"मी काढतो."

"नको. ते हाताला चिकटतं, डसतं. तुम्हाला सवय नाही."

तिने कोपरापर्यंत हात घातला. तोवर ते इतके विरघळले होते की बोटांतून निसटत होते. तिला ते दोनदा, तीनदा गोळा करावे लागले. मासे तिच्या मनगटाभोवती फिरत होते आणि त्या हातावर तोंड मारत होते.

ते सज्जातल्या कुंडीत पुरून ती आत आली तेव्हा मी उभा राहिलो आणि क्षमा मागितली. मी पुष्कळ बोललो. अज्ञानाविषयी बोललो, घागरीविषयी, हेतूविषयी. तिने टॉवेलने हात कोरडे केले आणि मध्येच मला थांबवले.

"तांब्याचं तुम्हाला ठाऊक नव्हतं, बाबा. त्याचं मला काही नाही. ते दुसरं ठाऊक होतं."



ही हकीकत ज्या आप्तांच्या कानी गेली त्यांनी मला अधिकच संताप आणला. "अहो, तांब्याचं पाणी म्हणजे अमृत, जे त्यानं मेलं ते मूळचंच अमंगळ!" असे एक विद्वान गृहस्थ म्हणाले. मी त्यांना दार दाखवले. "वयाचा मान ठेवून सुनेनं विसरायला हवं," असे दुसऱ्या एका बाईंनी सुचवले. तिने काय विसरावे हे ठरविण्याचा अधिकार माझ्या वयाला कोणी दिला? ज्याने दुखावले त्याच्याच सोयीसाठी दुखावलेल्याकडून क्षमेची अपेक्षा करणाऱ्या या सभ्यपणाचा मला तिटकारा आला आहे. आणि तो सभ्यपणा मी चाळीस वर्षे मुलांना सुभाषितांतून शिकवला, याचाही.

तीन आठवड्यांनी एका रविवारी मुलगा हसत दारात उभा राहिला. हातात पॉलिथिनची पिशवी, आत गुलाबी बोटांचा गोळा. "सरप्राइज!" म्हणाला. "नवीन आणलं."

मी सोफ्यावरून उठून त्याच्या आणि पेटीच्या मध्ये उभा राहिलो. साहेबांनी मला बजावून सांगितले होते: खडकांनी तांबे शोषून घेतले आहे, पाणी कितीही बदला, ते महिनोन् महिने खडकांतून झिरपत राहणार.

"हे या पाण्यात जाणार नाही," मी म्हणालो.

"बाबा, प्लीज. तिला बरं वाटावं म्हणून—"

"तिला विचारलंस? पाणी तपासलंस? एक बापाने मारले. दुसरे आता मुलाने मारायचे काय? की ते मेले की तिसरे आणशील?"

माझा आवाज इतका चढला की समोरच्या घराचे दार उघडले. मुलगा लाल झाला. "तुम्ही मला शिकवताय? तुम्ही?"

"होय. मीच. ज्याने केले त्याच्याखेरीज कोण शिकवणार?"

सून आतल्या खोलीतून बाहेर आली. तिने पिशवी त्याच्या हातातून घेतली, उजेडात धरून आतल्या जिवाकडे क्षणभर पाहिले. "बरोबर सांगताहेत ते," ती नवऱ्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "दुकान एकला बंद होतं. चला."

आम्ही रिक्षाने गेलो. पिशवी तिने मांडीवर, ओढणीखाली, उन्हापासून झाकून धरली होती. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती समोर पाहत म्हणाली, "खडक सगळे काढावे लागतील. नवीन घ्यावे लागतील. एकटीनं उचलणार नाहीत मला."

"मी आहे," मी म्हणालो.

"हळू ठेवायचे असतात. काच तडकते."

"हळू ठेवीन."

तिने मान हलवली. त्याहून अधिक काही झाले नाही, आणि जे झाले ते मी फुगवून सांगणार नाही. दुकानदाराने कुरकुरत तो जीव परत घेतला. खडक बदलले. मासे तात्पुरते साहेबांकडे आहेत, आणि आमच्या दिवाणखान्यात पुन्हा एकदा रिकामे पाणी पिकत आहे. ती त्यापुढे बसते. मी दोन हात अंतरावर बसतो. आम्ही पाण्याविषयी बोलतो. ते वाक्य आमच्यात तसेच आहे. त्याचा मला येणारा राग कमी झालेला नाही आणि तो कमी व्हावा अशी प्रार्थनाही मी देवापाशी करीत नाही.

वाचकहो, आपणास व आपल्या कुटुंबीयांस दीर्घायुरारोग्य लाभो. आपल्या घरातील लेकी-सुनांनी जे जे जीव हाती घेतले असतील ते त्यांच्या हातून वाढोत. घरातील वडीलधाऱ्यांना हात पुढे करण्यापूर्वी विचारण्याची बुद्धी होवो, आणि संतापाच्या क्षणी ईश्वर त्यांची जिव्हा जड करो. शुभं भवतु.